बोर्डावरचा एकसष्ट

डॉक्टर व्हिटकोम यांना शरीर नव्हतं. म्हणजे असणार, कारण पांढरा कोट कशावर तरी अडकवलेला दिसायचा. पण त्या शरीराने त्यांची कधी अडवणूक केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दहा-दहा तास ऑपरेशनला उभे. पाणी नाही, लघवी नाही, पाठीला हात लावणं नाही. मिलवॉकीच्या त्या इस्पितळात अवयव बदलण्याचं काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "बाहेरचे कपडे लॉकरमध्ये ठेवता ना, त्याबरोबर अंगही ठेवून या. आत एकच शरीर असतं. पेशंटचं." एकदा एक शिकाऊ सर्जन टेबलापाशी भोवळ येऊन पडला होता. त्याचा विषय निघाला की व्हिटकोम म्हणायचे, "हुशार होता. सध्या त्वचारोग बघतो." सूर असा, की ऐकणाऱ्याने मनातल्या मनात श्रद्धांजली वाहावी.

रेनाटा कुबियाकने हे भाषण ऐकलं तेव्हा तिच्या दंडावर, बाहीच्या आत, साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला होता आणि कमरेला इन्सुलिनचा पंप होता. नवव्या वर्षी तिच्या स्वादुपिंडाने काम बंद केलं ते कायमचं. कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची नोंद ठेवणाऱ्या विभागाला तिने हे रीतसर कळवलं होतं, पण तिथली फाईल गुप्त, ती तिथेच राहते. व्हिटकोमना उद्या सांगू, असं तिने ठरवलं. त्या उद्याला आता दोन वर्षं होत आली होती.

आणि आता तर सांगायची सोयच राहिली नव्हती. विभागात सर्जनची एकच कायम जागा निघाली होती. दावेदार दोन: रेनाटा आणि गॅरेट लुंड. गॅरेट मॅरेथॉन धावायचा आणि न विचारता सांगायचाही. निर्णय शुक्रवारी विभागप्रमुख म्हणून व्हिटकोम देणार होते. ही जागा गेली तर रेनाटाला दुसऱ्या राज्यात जाऊन पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करत बसावं लागणार होतं, तेही तेहेतिसाव्या वर्षी, तोंड मिटून. त्याच्या नुसत्या विचारानेच तिला वीट आला होता.

दोन वर्षं निभावलं कसं, तर डोरीनमुळे. डोरीन ही थिएटरमधली वरकाम सांभाळणारी नर्स, सव्वीस वर्षं मुरलेली. हातमोजे चढवल्यावर सर्जनला फोनला हात लावता येत नाही, म्हणून रेनाटाचा फोन डोरीनच्या खिशात असायचा. सेन्सर दर पाच मिनिटांनी फोनवर आकडा पाठवायचा, आणि डोरीन तो भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर, उजव्या कोपऱ्यात खाली लिहायची. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. वर गॉजचे मोजलेले तुकडे, किती रक्त गेलं, पेशंटच्या तपासण्या, आणि तळाशी हा पोरका आकडा. ऐंशीच्या खाली आला की डोरीन मागून यायची, "डॉक्टर, मास्कची गाठ सुटली बघा," म्हणायची आणि मास्कखालून स्ट्रॉ सरकवायची. सफरचंदाचा रस. रेनाटाच्या मास्कची गाठ सारखी सुटते हे सगळ्या थिएटरला माहीत होतं.

"पोरी, मी सांगते तुला," डोरीन एकदा कपडे बदलायच्या खोलीत म्हणाली, "माझ्या नवऱ्याने बाहेर एक बाई ठेवली होती ना, त्यानेसुद्धा एवढी लपवाछपवी केली नव्हती."

"सापडला का तो?"

"सापडणार नाही तर काय. आता टॅम्पाला असतो. तू मुकाट्याने सांगून टाक त्यांना."

"शुक्रवार होऊ दे."

त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी एक स्वादुपिंड आलं. पेशंट वेंडेल येस्की, वय एक्केचाळीस. शाळेची बस चालवायचा. रेनाटासारखाच लहानपणापासूनचा मधुमेह, पण त्याची साखर कसलीही सूचना न देता कोसळायची. एकदा सिग्नलला बस उभी असताना तो बेशुद्ध झाला. पोरांना काही झालं नाही, पण लायसन्स गेलं. तीन वर्षं वाट पाहत होता. भूल देण्याआधी त्याने रेनाटाला विचारलं, "हे बसवलं की मी तुमच्यासारखा होणार ना? म्हणजे नॉर्मल?"

"त्याहून बरे व्हाल," रेनाटा म्हणाली. तो नम्रपणा नव्हता.

नेहमीचे भूलतज्ज्ञ त्या दिवशी रजेवर होते. त्यांना कोपऱ्यातल्या आकड्याचं गुपित ठाऊक होतं. बदली म्हणून आलेले डॉक्टर पेल सज्जन आणि तत्पर होते, आणि बोर्डावरची प्रत्येक गोष्ट पेशंटची असते असं समजणारे होते. त्यात त्यांची काही चूक नव्हती. जगभर तसंच असतं.

साडेअकराला नव्या स्वादुपिंडात रक्त सोडलं. करडा पडलेला तो मांसाचा तुकडा बघता बघता गुलाबी झाला. पेल यांनी इन्सुलिन थांबवलं. अवयव काम करतोय की नाही हे आता एकाच गोष्टीवरून कळणार होतं: पेशंटची साखर आपोआप उतरते का. पेलनी रक्ताचा नमुना बाहेरच्या यंत्राकडे पाठवला. आकडा आला की नर्स बोर्डावर लिहिणार, ही तिथली पद्धत. तेवढ्यात डोरीनने फोन पाहिला, कोपऱ्यात चौऱ्याहत्तर लिहिलं आणि रस आणायला गेली. फ्रिजमधला रस कुणीतरी पिऊन टाकला होता, म्हणून ती खालच्या मजल्यावर निघाली. दारातच फोन पुन्हा वाजला, तशी ती मागे फिरली. तिने चौऱ्याहत्तर पुसून एकसष्ट लिहिलं आणि अक्षरशः पळाली.

"साखर किती?" व्हिटकोमनी मान वर न करता विचारलं.

पेलनी बोर्डाकडे पाहिलं. "मघाशी दोनशे बारा होती. आता एकसष्ट."

व्हिटकोमचा हात थांबला. "एवढ्यात?"

"बोर्डावर आहे ना."

"सुंदर," व्हिटकोम म्हणाले. अकरा वर्षांत हा शब्द त्या खोलीत कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. हत्यारं देणारा तंत्रज्ञ हातातली कात्री द्यायची विसरला.

रेनाटालाही आनंद झाला. तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता, हातातली सुई दूर कुठेतरी असल्यासारखी दिसत होती, आणि डोक्यात एकच गोष्ट संथपणे फिरत होती: झालं, वेंडेल सुटला. आपण बसवलं आणि ते चाललं. साखर उतरली की आधी अक्कल उतरते, हे तिला चोवीस वर्षं माहीत होतं. तरी त्या वेळी आठवलं नाही.

"फारच खाली जातेय," पेल म्हणाले. "मी ग्लुकोज देतो." त्यांनी मोठी सिरिंज उचलली.

तेव्हा कुठे तिने बोर्डाकडे पाहिलं. उजवा कोपरा, खाली. डोरीनचं अक्षर.

सिरिंज नळीला लागेपर्यंत चार-पाच सेकंद होते. वेंडेलच्या रक्तात आधीच साखर भरपूर होती. वर हे ग्लुकोज गेलं असतं तर नव्या अवयवावर नको तो भार पडला असता, आणि तो चालतोय की नाही हे तासभर कुणाला कळलं नसतं. एवढं सगळं तिला समजलं. आणि शुक्रवारही समजला. गप्प राहिलं तर काय होईल, असाही विचार तिच्या मनात आला. आला म्हणजे आलाच.

"देऊ नका," ती म्हणाली. "ती साखर माझी आहे."

"काय तुझं आहे?" व्हिटकोम.

"एकसष्ट. पेशंटची अजून आलेली नाही. मला मधुमेह आहे, सर. नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

पेल सिरिंज तशीच धरून राहिले.

"सुई खाली ठेव," व्हिटकोम म्हणाले.

तिने ठेवली.

"दोन पावलं मागे."

ती मागे सरकली आणि भिंतीपाशी स्टुलावर बसली. डोरीन धापा टाकत आली तेव्हा रेनाटा मास्क काढून बसलेली. लपवायला काही उरलं नव्हतं. तिने सगळ्यांसमोर दोन डबे रस प्यायला. मागोमाग यंत्राकडून निरोप आला: वेंडेल येस्की, एकशे अठ्ठ्याण्णव. उतरत होती. हळू, पण आपली आपण.

वीस मिनिटांनी व्हिटकोमनी विचारलं, "कुबियाक किती?"

"शंभर," डोरीन म्हणाली.

"मग तिला म्हणावं, हात धुऊन ये. आतड्याचा जोड अर्धा राहिलाय."

बाकी ऑपरेशनभर ते एक शब्द बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नसत, त्यामुळे यावरून काही निष्कर्ष काढता येत नव्हता.

गुरुवारी रेनाटा वेंडेलला बघायला गेली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा इन्सुलिनशिवाय त्याची साखर एकशे चार होती. तो आकड्याकडे बघून ढसाढसा रडला आणि पोटाचे टाके दुखतात म्हणून हसला. तिने त्याचा हात धरला. तिला त्याचा हेवा वाटला. अगदी सरळ, लहान मुलाला दुसऱ्याच्या सायकलचा वाटतो तसा. "अभिनंदन," ती म्हणाली आणि मनापासून म्हणाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तिची स्वतःची तेव्हा दोनशे एकतीस होती.

शुक्रवारी व्हिटकोमनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर एकच कागद होता.

"दोन वर्षं तू माझ्या थिएटरमध्ये एक दुसरी पेशंट आणत होतीस. मला न सांगता."

"हो सर."

"मंगळवारी माझा पेशंट त्यापायी गोत्यात येत होता."

"हो."

"ही चूक लहान नाही."

"नाही, सर. पण एक विचारू? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मला टेबलापाशी उभं केलं असतं?"

व्हिटकोमनी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नसे. त्याचा तोच एक त्रास होता.

"नाही," ते म्हणाले.

हे उत्तर रेनाटाला दोन वर्षं ठाऊक होतं.

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. कायम जागेवर तिचं नाव होतं. खाली त्यांची सही झालेली होती, तारीख बुधवारची.

"लुंड चांगला आहे," ते म्हणाले. "पण मंगळवारी तो तुझ्या जागी असता तर मला खरा आकडा सांगितला असता की नाही, मला माहीत नाही. तुझं माहीत आहे." मग घसा साफ करून म्हणाले, "जुलैत नवी मुलं येतील. पहिल्या दिवशीचं भाषण यंदा तू करायचं. त्यांना सांग, काही आजार असेल तर त्यांनी थेट माझ्याकडे येऊन बोलावं."

"आणि ती आली, बोलली, तर तुम्ही काय करणार?"

व्हिटकोमनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"ते मी अजून ठरवलेलं नाही," ते म्हणाले.

"मग ते आधी ठरवा, सर," रेनाटा म्हणाली. "तोवर मी कुणालाही तुमच्याकडे पाठवणार नाही." तिने कागद उचलला आणि ती दोनच्या ऑपरेशनला गेली.