नव्या फोनातली बाई

गोरक्ष नव्या फोनाला पहिल्या तासातच विटला. मंचरहून एवढ्या हौसेनं खोकं आणलं, आणि उघडतो तर आत वायर आहे, चार्जर नाही! अरे, बैल विकताना शिंगं काढून घेता का? पडद्यावर खंडोबाचा फोटो लावला, तर मिनिटाभरात तिथं ओठ रंगवलेली कुणी बया आली आणि रमी खेळा म्हणून डोळे मिचकावायला लागली. शी! देवाच्या जागी हे? स्वतःचा फोटो काढून पाहिला, तर मेंढरांमागं पोरपण काढलेलं त्याचं रापलेलं तोंड सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. कपाळावरची खोकसुद्धा गायब.

"लई गोड दिसताय की!" बायको आशा हसली.

"थू असल्या गोडव्यावर," गोरक्ष म्हणाला. जुना फोन विहिरीत पडला नसता, तर हे बुजगावणं त्यानं घरात घेतलंच नसतं.

एक काम मात्र त्यानं दुकानातच करून घेतलं होतं. "नंदाच्या नंबरावरचं बोलणं आपोआप रेकॉर्ड झालं पायजे, जुन्यात व्हायचं तसं," असं त्यानं दुकानदार बाळासाहेबला बजावलं होतं. नंदा त्याची धाकटी बहीण, पारगावला दिलेली. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर महाळुंग्याच्या जमिनीत तिचंही नाव लागलं होतं. मला काही नको, सही देते, असं तिनं तेव्हाच सांगितलं होतं. पण बाईमाणसाचं काय, उद्या फिरली तर? म्हणून वर्षभर हा गडी तिचा एकेक शब्द गुपचूप साठवत आला होता. येत्या गुरुवारी घोडेगावच्या कचेरीत तिची हक्क सोडल्याची सही व्हायची होती. ती आठवण करून द्यायला त्यानं ओट्यावर बसून फोन लावला.

"बोल रं दादा," नंदा म्हणाली. तिचा आवाज इतका स्वच्छ आला, जशी काही शेजारी बसून बोलते आहे. चला, एक तरी गोष्ट बरी निघाली, असं त्याला वाटतंय न वाटतंय, तोच मधेच एक बाई शुद्ध मराठीत बोलली, "हा कॉल आता रेकॉर्ड केला जात आहे."

गोरक्षनं फोन कानापासून लांब धरून पाहिला.

"दादा, कोण बोललं?"

"कुणी न्हाई गं. नवा फोन हाय, लई भिकार. कायबी बरळतो."

"रेकॉर्ड म्हणली ती."

"समद्यांलाच म्हणती."

"न्हाई रं. मी फोन केला का कुणाकडंच म्हणत न्हाई." मग नंदानं विचारलं, "जुन्यातबी व्हत व्हतं का?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण गोरक्ष ती बाई बंद करायला फोनाचा पडदाच चोळत बसला.

"दवाखान्यातून बोलले मी तुझ्याशी," नंदाचा आवाज बारीक झाला. "ह्यांच्या पिण्याचं बोलले. आबा गेल्यावर रडले. ते रडणंबी हाय त्यात?"

"अगं, ते आपोआप व्हतं. उद्या कुणी काय म्हणलं तर, म्हणून..."

"कुणी म्हंजी मीच ना?" ती म्हणाली. "तुला बोलले व्हते ना सही देते म्हणून? एकदा बोलले व्हते ना?" आणि तिनं फोन ठेवला.

त्यानं लगेच परत लावला. तिनं उचललाही. "नंदे, चुकलं गं माझं," एवढं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तर त्याच्या आधी ती सटवी बोलली, "हा कॉल आता रेकॉर्ड केला जात आहे." फोन कट. तिसऱ्यांदा लावला, तेच. बंद कसं करायचं ते बाळासाहेबला ठाऊक, याला कुठं?

बोट कुठं तरी लागलं आणि मघाचंच बोलणं वाजायला लागलं. स्वतःचा आवाज गोरक्षला ऐकू आला. समद्यांलाच म्हणती. आपोआप व्हतं. तुपात घोळलेला, लबाड, बुळबुळीत आवाज! ही घाण फोनातली नव्हती.

दारात उभ्या आशानं सगळं ऐकलं होतं. "वन्सं नेमी म्हणायच्या, दादाशी बोललं का हलकं वाटतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

गोरक्षनं फोन ओट्यावर तसाच टाकला आणि मोटारसायकल काढली. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागं तो धूळ खात पारगावला पोचला. जमीन राहू दे, सही राहू दे, तिचे पाय धरायचे, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

नंदा अंगणात गवार मोडत होती. एरवी त्याची गाडी वळतानाच "दादा आला गं बाई!" म्हणून धावत यायची. आज ती उठून उभी राहिली आणि तिनं आधी त्याच्या वरच्या खिशाकडं पाहिलं.

"फोन घरी ठिवलाय," तो पुटपुटला. "नंदे, मी त्या सहीसाठी न्हाई आलो गं..."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्ची पुढं ओढली.

"बसा, पावणं," ती म्हणाली. "पाणी आणते. गुरवारी किती वाजता यायचं, तेवढं सांगा."