चौकटीतल्या कुसुमताई

चऱ्होलीच्या सोसायटीत यंदा हळदीकुंकवाला जिवंत चित्रं करायचं ठरलं, तेव्हा कुसुमताईंना फक्त नथ उसनी द्यायला बोलावलं होतं. कमिटीतल्या दिव्यानं मोबाईलवर एक जुनं तैलचित्र शोधलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. खुर्चीत बसलेली नऊवारीतली बाई, मान जराशी कललेली, नजर खाली. मोठी लाकडी चौकट करून तिच्यामागे हुबेहूब तशीच बाई बसवायची होती.

आधी तेजलला बसवून पाहिलं. तेजल रोज जिमला जाणारी, अगदी शेलाटी. दंडातली वाकी सुळकन घसरून मनगटावर आली.

"नाही जमत," दिव्या वैतागून म्हणाली. "चित्रातली बाई अशी नाहीये."

कुसुमताईंनी चष्मा सावरत मोबाईलमध्ये डोकावलं. गोल दंड, भरलेला गळा, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी.

"अगं बाई! ही तर आमच्यातलीच दिसायली की!"

सगळ्या बायका वळून त्यांच्याकडेच बघायला लागल्या.

घरी ही बातमी ऐकून सून निशिगंधानं आ वासला. सासूबाईंचं वजन उतरावं म्हणून तीच बिचारी रोज सकाळी त्यांना दुधीचा रस पाजत होती. "आई, तुम्ही मॉडेल?"

"मग! मी जाड नाही गं. मला जन्माला यायलाच उशीर झाला."

तालमीत मात्र घोळ झाला. कुसुमताईंचा चेहरा मुळातच हसरा. दिव्या म्हणाली, "काकू, त्या काळी चित्रात हसत नव्हते. काहीतरी दुःखाचं आठवा." कुसुमताईंनी डोळे मिटून दुधीचा रस आठवला. चेहऱ्यावर अशी काही करुण छटा पसरली की दिव्यानं टाळीच वाजवली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडदा सरकला आणि बायका "अय्या!" म्हणून थबकल्या. जांभळी नऊवारी, दंडात घट्ट वाकी, खाली झुकलेली नजर. कुसुमताई पापणीसुद्धा हलवत नव्हत्या. आतून मात्र उकळ्या फुटत होत्या. लग्नातसुद्धा आपल्याला इतक्या लोकांनी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत त्यांचे यजमान कोंडीराम आले. चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले, बोलायला काटकसरी. चौकटीसमोर उभं राहून ते बराच वेळ बघत राहिले. कुसुमताईंनी नजर खालीच ठेवून कान टवकारले. आता काहीतरी गोड बोलतील.

"अगं," ते म्हणाले, "घराची किल्ली कुठंय?"

चित्रानं बोलायचं नसतं. कुसुमताईंनी डोळ्यांनी कमरेकडे खुणावलं.

"काय? पोटात दुखतंय?"

झालं. आधी नथ थरथरली, मग दोन्ही हनुवट्या, मग अख्खी खुर्ची. कुसुमताई खदखदून हसत सुटल्या आणि दिव्यानं कपाळाला हात लावला. पण चारी बाजूंनी मोबाईल वर झाले. हसणारी ती बाई सगळ्यांना जास्तच आवडली होती.

कोंडीराम ओशाळले, पण गेले नाहीत. हळूच म्हणाले, "छान दिसायलीस. मी पण बसू का शेजारी?"

"काका, असल्या चित्रात नवरे नसतात," दिव्यानं बजावलं.

"मग वारा घालणारं कोणी असतंय का?"

दिव्याला हसू आवरेना. तिनं कुठूनतरी एक विंझणा आणून त्यांच्या हातात दिला. कोंडीराम खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि मन लावून वारा घालू लागले. फोटोसाठी रांग लागली.

"अहो, पोक काढू नका," नजर खालीच ठेवून कुसुमताई पुटपुटल्या, "लोक बघायलेत."