बावीस नंबरचं दार

माझ्या वडिलांनी कोळसाखाणीतल्या संपाचं अख्खं वर्ष काढलं. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये खाण सोडून बाहेर आले ते पुढच्या मार्चमध्ये युनियनच्या बँडच्या मागे चालत परत कामावर गेले. मी तेव्हा पाच वर्षांची होते. खाणकामगारांच्या क्लबात रोज दुपारी बायका मिळून जेवण रांधायच्या, आई तिथे पोतंभर बटाटे सोलायची, आणि मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं दीडशे माणसांचं जेवण असतं.

ही गोष्ट मी शेफिल्डमध्ये इतक्या वेळा सांगितली की ती मला पाठ झाली होती. मी तिथे एका कॉलेजात प्रवेशाचं काम बघते आणि आमच्या वॉर्डातल्या मजूर पक्षाच्या शाखेत जाते. शाखेतले बहुतेक लोक शिकलेले, दक्षिणेकडून आलेले. त्यांच्यात मी खाणकामगाराची मुलगी. सभेत मी बोलायला उभी राहिले की लोक जरा सावरून बसायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

वडिलांनी सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं, हे मात्र मी शाखेत कुणाला सांगितलं नव्हतं. त्यावरून आमचं फोनवर इतकं वाजलं होतं की पुढचे तीन महिने आम्ही बोललो नाही. मग मीच फोन केला, आणि तेव्हापासून आम्ही हवा, गुडघा आणि फुटबॉल एवढंच बोलायचो. एकोणीस सालची निवडणूक लागली तेव्हा मात्र ते आपणहून म्हणाले, "बेव्ह, तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. यंदा आपल्या लोकांना मत देणार नाही मी."

"मग काय हुजूर पक्षाला देणार आहात?"

"बघू."

आमच्या घरात हुजूर पक्षाचं नाव काढलं की आई खिडकी उघडायची, वास गेला पाहिजे म्हणून. आई गेली त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी फोन ठेवला आणि हेही कुणाला सांगितलं नाही.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी शाखेने आमची गाडी दारोदार प्रचाराला हॅगवर्थला पाठवली. आमच्या शहरातली जागा पक्षासाठी सुरक्षित होती, हॅगवर्थची डळमळीत होती. हॅगवर्थ माझं गाव. शाखेत मी नेहमी 'खाणीचं गाव' एवढंच म्हणायचे, नाव कधी कुणी विचारलं नव्हतं. गाडीत सांगता आलं असतं. चाळीस मिनिटांचा रस्ता होता. पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मग आधी तुझ्या बाबांकडे चहाला जाऊ या का?

गाडी इमोजेन चालवत होती. तिशीतली, वकिलीण, मनाने चांगली. तिचा नवरा माटियास जर्मन. इथे अकरा वर्षं काम केलेला माणूस, आणि आता देश युरोपातून बाहेर पडल्यावरही इथे राहायला मिळावं म्हणून अर्ज भरत होता. त्या अर्जापायी इमोजेनला झोप लागत नसे. तिच्यासाठी ही निवडणूक म्हणजे घर टिकणार की नाही एवढाच प्रश्न होता.

मी मुद्दाम खालच्या आळीची यादी मागून घेतली. बाबा राहतात तो हॉथॉर्न रस्ता इमोजेनकडे गेला. माझी दारं लवकर संपली, कारण अर्ध्या लोकांनी दार उघडलंच नाही. इमोजेनचा फोन आला, "इकडे ये ना, हात गोठलेत, दोघी मिळून उरकू." मी गेले. ती बावीस नंबरच्या फाटकाशी उभी होती.

"हे पक्कं आपलं घर आहे," ती यादी दाखवत म्हणाली. "सत्तर सालापासून आपला मतदार. एक मिनिटाचं काम. स्टबिंग्ज."

माझं आडनाव लिस्टर, नवऱ्याचं. लग्न मोडलं तरी मी नाव बदललं नव्हतं. मी म्हणाले, "तू हो पुढे," आणि फाटकाबाहेरच थांबले. मफलर नाकापर्यंत ओढला. चार वाजले होते, अंधारून आलं होतं, आणि मला खरंच वाटलं की त्यांनी दार उघडूच नये.

बाबांनी दार उघडलं. खांद्यावर भांडी पुसायचं फडकं होतं.

"मिस्टर स्टबिंग्ज, आम्ही मजूर पक्षाकडून आलोय. दर वेळेसारखं यंदाही तुमचं मत आपल्यालाच ना?"

"नाही पोरी. यंदा नाही."

"का बरं? काही कारण?"

"तीन वर्षांपूर्वी आम्हाला विचारलंत, राहायचं का बाहेर पडायचं. आम्ही उत्तर दिलं. आता तुमचाच पक्ष म्हणतो, पुन्हा विचारू. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं का?"

"तेव्हा लोकांना खोटंनाटं सांगितलं होतं. पुरेशी माहितीच नव्हती लोकांकडे."

"म्हणजे मला कळलं नाही, असं म्हणतेस."

"तुम्हाला असं नाही हो. पण बाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त नुकसान तुमच्यासारख्या लोकांचंच होणार आहे."

"माझ्यासारखे म्हणजे कसे ग?"

इमोजेन गडबडली. आणि तेव्हा बाबांनी तिच्या खांद्यावरून फाटकाकडे बघितलं. रस्त्यावरचा दिवा माझ्या डोक्यावरच होता. मफलर होता, टोपी होती, पण मुलगी कशी उभी राहते हे बापाला कळतंच. ते बघत राहिले. मग म्हणाले, "आणि त्या बाईंचं काय म्हणणं आहे?"

"आमचं सगळ्यांचं एकच म्हणणं आहे," इमोजेन म्हणाली.

ते अजून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. मी मान हलवली. होय म्हणून.

"बरं," बाबा म्हणाले. "पायरी जपून उतर, बर्फ धरलाय." आणि दार हळूच लावलं.

इमोजेनने पेन काढलं, बावीस नंबरापुढची खूण खोडली आणि तिथे 'विरोधी' लिहिलं. गाडीत बसल्यावर तिने हीटर लावला आणि थोडा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मग म्हणाली, "असल्या माणसांचं मला कळतच नाही. आयुष्यभर आपले, आणि आता असे उलटतात. चौऱ्याऐंशीत पहिल्याच आठवड्यात कामावर परत गेला असेल हा. संपफोड्या." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "तुझ्या वडिलांसारखी माणसं वेगळीच ग."

मी म्हणाले, "हो ना."

मग हसलेसुद्धा. ते हसू माझ्या कानात अजून आहे.

आमच्या घरात तो शब्द कुणासाठी वापरतात हे इमोजेनला कुठून माहीत असणार? केन काका, बाबांचा धाकटा भाऊ. संप मिटायला पाच आठवडे उरले असताना तो, संपकऱ्यांचे दगड लागू नयेत म्हणून जाळी लावलेल्या बसमधून, कामावर गेला. घरात तान्हं मूल होतं, कोळसा संपला होता. बाबांनी त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं. तो तीन गल्ल्या पलीकडे राहतो. चौतीस वर्षं दोघे भाऊ एकाच दुकानातून पाव आणत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. आईच्या अंत्यविधीला काका आला तो चर्चच्या बाहेर रस्त्यापलीकडे उभा राहिला.

गुरुवारी मतदान झालं. शुक्रवारी सकाळी हॅगवर्थची जागा गेली होती, माझ्या आजोबांच्या जन्मापासून आपली असलेली. शाखेत कुणी रडत होतं, कुणी म्हणत होतं की त्या गावांना आता भोगू दे. मी कपबशा विसळत होते. 

रविवारी मी बाबांकडे गेले. त्यांनी चहा केला, हॅमची सँडविचं केली, कडा कापून, लहानपणी मला आवडायची तशी. मी एक उचलून पुन्हा बशीत ठेवलं.

"बाबा, त्या शनिवारी..."

"थंडी होती," ते म्हणाले. "मफलर घेतलास ते बरं केलंस."

"मला ओळखलंत तुम्ही."

"मी काय आंधळा आहे?"

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुला नको होती," बाबा म्हणाले. "दिसत होतं ते."

मी रडायला लागले. त्यांनी फडकं माझ्याकडे सरकवलं आणि मी थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "त्यांनाच दिलं मी मत. हुजूर पक्षाला. तुझ्यामुळे दिलं असं समजू नकोस, एवढं स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नकोस. माझं ठरलं होतं. पण तिथे पडद्याआड उभा राहिलो तेव्हा हात चालेना. पेन्सिल दोरीने बांधलेली असते ना, ती मी दोनदा खाली सोडली. मागे रांग होती. तुझी आई डोळ्यांपुढे आली. शेवटी केली खूण, घरी आलो आणि कोट न काढता तसाच बसलो. जिंकल्याचा आनंद? काही नाही. कुणाच्या तरी खिशात हात घालून आल्यासारखं वाटत होतं."

"तुम्ही काही चोरी केली नाहीत, बाबा."

"तू ऐक. शुक्रवारी मी केनकडे गेलो."

मी फडकं खाली ठेवलं.

"म्हटलं, आता कुठल्या तोंडाने त्याला तो शब्द लावायचा? त्याच्या घरात मूल गारठलं होतं. मला तर कुणी गारठवलं नव्हतं, मी चिडून गेलो पलीकडे. दार वाजवलं. त्याने उघडलं. केवढा म्हातारा झालाय ग. मी म्हटलं, केन, काल मीच पलीकडे मत देऊन आलो. तुझ्या बाबतीत चुकलं माझं. त्यावर तो म्हणाला, 'आता आलास होय? स्वतःचा पाय घसरल्यावर? मॉरीन वारली तेव्हा कुठे होतास?' आणि दार लावलं."

मॉरीन म्हणजे काकू. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आमच्याकडून फुलंसुद्धा गेली नव्हती, आणि मीही पाठवली नव्हती.

"बरोबरच आहे त्याचं," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षांचं एका दिवसात थोडंच फिटतं. पुन्हा जाईन नाताळात. फार तर पुन्हा दार लावेल."

गेले ते. त्या वेळी काकाने दार लावलं नाही, पण आतही घेतलं नाही. दोघे पायरीवर उभे राहून गुडघ्यांबद्दल बोलले म्हणे. त्यानंतर अधूनमधून जातात. तो कधी आमच्याकडे आलेला नाही.

जानेवारीत मी इमोजेनला सगळं सांगितलं. कॉलेजजवळच्या कॉफीच्या दुकानात, एका दमात. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गाडीत आपण काय म्हणालो होतो ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं.

"तू तिथेच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "मी काय केलं असतं तुला?"

"काही नाही. मला तुमच्यात खाणकामगाराची मुलगी म्हणून राहायचं होतं."

"पण ज्यांची मुलगी म्हणून, त्यांनाच तू..." तिने वाक्य सोडून दिलं. तिला बाबांना पत्र लिहायचं होतं, भेटायला जायचं होतं. माटियासचा अर्ज मंजूर झाला होता, पण तो परत जर्मनीला जाऊ म्हणत होता. स्वतःचंच एवढं असताना ती माझ्या बापाची माफी मागायला निघाली होती, आणि मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, आधी त्यांना विचारते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. इमोजेन तुमची माफी मागते म्हणून सांगितलं.

"कोण, ती दारावर आलेली पोरगी? माफी कशाला?" बाबा म्हणाले. "तिला जे बोलायचं होतं ते ती माझ्या तोंडावर बोलली. तिचं मला काही वाटलं नाही."

कुणाचं वाटलं होतं, ते त्यांना सांगावं लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, रविवारी येणार आहेस ना, तसं सांग, म्हणजे मांस आणून ठेवतो. येते म्हटलं.