पिकअपमधला दिवाण आणि आडवी आलेली रोही

मित्रांनो, मी एका पिकअप गाडीच्या हौदात बसवलेला लाकडी दिवाण आहे. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. वर माणसाला झोपायला फळ्या आणि पोटात एक ओढायचा खण. वय म्हणाल तर फक्त तीन वर्षं, पण अंगावर इतकी पोती आदळली आहेत की मी तीस वर्षांचा दिसतो. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी रागावलेला आहे, आणि राग पोटात ठेवावा म्हटलं तर तिथे जॅक आणि पाना ठेवलेला आहे.

माझा जन्म एका खोट्यापायी झाला. वडनेर भोलजीचे शालिग्राम भाजीपाला पिकवतात. टोमॅटो, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. स्वतःचा माल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा माल गाडीत भरून पहाटे तीनला निघायचं, अकोल्याच्या मंडीत हर्रासी, म्हणजे लिलाव, गाठायचा, आणि दुपारच्या उन्हात परत. संध्याकाळी पुन्हा भाजीची तोडणी. झोप कधी? ते त्यांना विचारा, मला नको.

साडेतीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी त्यांची मुलगी संजीवनी गाडीत शेजारी बसली होती. ती तेव्हा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकत होती. एकाएकी गाडी डांबर सोडून तुरीच्या शेतात घुसली. संजीवनीने पाहिलं तर बापाचे डोळे मिटलेले. तिने किंचाळून स्टेअरिंग ओढलं, तेव्हा कुठे गाडी एका विहिरीपासून हातभर अंतरावर थांबली. माणसं धावत आली. "काय झालं हो?" शालिग्राम कपाळ पुसत म्हणाले, "रोही आडवी आली."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे शेतात तिचा इतका धुडगूस असतो की तिचं नाव घेतलं की कुणी पुढे काही विचारत नाही. संजीवनीही गप्प राहिली. चारचौघांत बापाला खोटं कसं पाडणार? पण घरी आल्यावर तिने बांधावरच्या पडलेल्या निंबाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, मले हे लाकूड द्या. गाडीत तुमच्यासाठी झोपायचं करते." तो निंब म्हणजे मी.

आरा मशीनवर माझ्या फळ्या पाडल्या. उन्हाळाभर मला सावलीत, अंगावर दगड ठेवून वाळवलं, वाकू नये म्हणून. मग माप घ्यायचा दिवस आला. संजीवनी म्हणाली, "बाबा, जरा आडवे व्हा, टेप लावते." तशी तिची आई सरस्वतीबाई पिठाच्या हातानेच बाहेर आली. "अवं माय! झोपलेल्या माणसाचं माप घेतात का कुठं? मेलेल्याचं घेतात!" झालं. शालिग्रामांना भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्याशी खडूची रेघ मारली. मी असा उभ्या माणसाच्या मापाचा झालो. आणि तो माणूस नंतर तीन वर्षं माझ्यावर आडवा म्हणून झाला नाही.

पोरीचा हात मात्र चांगला, हे रागातही मान्य करतो. चार कोपऱ्यांना बाभळीचे पाय, कडेने चौकट, त्यावर निंबाच्या फळ्या. खण तर असा बसवला की एका बोटाने सरकावा. आता एवढ्या लांबीच्या फळ्यांना खालून मधोमध एक आडवी पट्टी लागतेच. ती नसली तर जड ओझ्याने फळ्या खचतात आणि खणावर बसतात. हे शेंबडं पोरही सांगेल. संजीवनीने ती पट्टी कापली, रंधा मारून गुळगुळीत केली, स्क्रूची भोकं पाडली, आणि लावली नाही! तिच्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, मला वाचता येत नाही, आणि नव्या गोधडीच्या घडीत गुंडाळून माझ्याच खणात पार आत सारून दिली.

मी मनात ओरडलो, अगं बाई, मला जन्मतःच लंगडं का करतेस? पण लाकडाचं कोण ऐकतं? सरस्वतीबाईने हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, खोबरं वाटलं. खणात पुढच्या बाजूला जॅक, पाना, गाडीचे कागद. शालिग्राम म्हणाले, "लय मस्त केलं माय." तेवढंच एक कौतुक माझ्या वाट्याला आलं.

पहिल्याच दिवशी मंडीत माल उतरला. मी वाट पाहत होतो. आता येतील, गोधडी काढतील, अंग टाकतील. शालिग्राम आलेही. माझ्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इथं तर पाय दक्षिणेकडे होतात." मग डोकं त्या बाजूला करा ना! तर म्हणे, "केबिनीत देवाची तसबीर हाय, तिच्याकडे पाय कसे करू?" अहो मग गाडी वळवा! चार चाकं कशाला दिली आहेत गाडीला? ते चहा प्यायला निघून गेले.

खरं कारण पाय नव्हतेच. मंडीतल्या लोकांना दिवसा झोपणारा माणूस म्हणजे आळशी वाटतो. एकदा ते नुसते माझ्या कडेवर टेकले, तर त्यांचे शेजारी भगवानराव, ज्यांचा माल याच गाडीत येतो, ते सगळ्यांदेखत ओरडले, "काऊन बे शालिग्राम, जावई झाला का? दुपारी लोळून राह्यला!" सगळे हसले. शालिग्रामही हसले आणि उठून उभे राहिले. त्या दिवसापासून ते माझ्या कडेवरही टेकले नाहीत. लोक काय म्हणतील याची एवढी भीती, आणि विहिरीची नाही.

मग भगवानरावांची नजर माझ्यावर गेली. "हे रिकामंच पडून राह्यते ना? मग टाक याच्यावर." कधी कांद्याचे कट्टे, कधी खताच्या गोण्या, कधी टोमॅटोचे भरलेले कॅरेट. मी माणसासाठी केलेला दिवाण! मला हमाल करून टाकलं. ओझ्याने माझ्या फळ्या खचायच्या आणि खण अडकून बसायचा. मग ते दोघं कडी धरून ओढायचे, शिव्या द्यायचे, लाथ मारायचे. वर बोलणं काय? "पोट्टीचं काम हाय, असंच राहणार!"

एकदा गावातल्या गोविंदा मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी खाली वाकून, टॉर्च मारून पाहिलं. "मधली पट्टीच नाही ना इथं! शिकलेली पोरगी, अन् पट्टी इसरली? आना उद्या, ठोकून देतो." शालिग्रामांची मान खाली गेली. त्यांनी ना गाडी नेली, ना घरी पोरीला एक शब्द विचारला. तिला वाईट वाटेल म्हणून. बघा हे घर! पोरगी बापाची लाज झाकते, बाप पोरीची चूक झाकतो, आणि मध्ये मी लाथा खातो. पट्टी माझ्याच पोटात पडून आहे हे मला ठाऊक, आणि सांगायला तोंड नाही. तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

गाडीत शालिग्राम काय करत ते केबिनच्या मागच्या जाळीतून मला दिसे. गाणी मोठ्याने लावायची. तोंडावर पाणी मारायचं. हिरवी मिरची चावायची. मान खाली जायची, दचकून वर यायची. रोज. मला वाटायचं, आज ही गाडी घरी जाते की नाही.

यंदा होळी झाल्यानंतरची गोष्ट. खामगावच्या तेल गिरणीतून भगवानरावांनी म्हशींसाठी सरकीच्या ढेपेची सहा पोती घेतली. हौदात रिकामे कॅरेट गच्च भरलेले, म्हणून सहाच्या सहा माझ्या छाताडावर. भगवानराव केबिनीत बसले आणि दहा मिनिटांत घोरू लागले. त्यांना बरी झोप चालते दुपारी! नांदुऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी जाळीतून पाहिलं. शालिग्रामांची मान खाली गेली. या वेळी वर आलीच नाही.

गाडी डांबरावरून उतरली. एका दगडावर चाक आदळलं आणि टायर फुटला. त्या आवाजानेच त्यांनी डोळे उघडले आणि सगळा जीव लावून ब्रेक दाबला. समोर पुलाचा कठडा होता. दोन हात लांब. खाली कोरडा नाला आणि दगड.

भगवानराव दचकून उठले. "काय झालं बे?"

"रोही... रोही आडवी आली," शालिग्राम म्हणाले.

भगवानरावांनी चहूकडे पाहिलं. हरभरा निघालेली उघडी शेतं, रोही काय, ससा लपायलाही जागा नव्हती. दोघं मागे आले. जॅक हवा होता. जॅक खणात, खण माझ्या पोटात, आणि माझ्यावर सहा पोती. त्यांनी ओढून पाहिलं. पायाने रेटून पाहिलं. मी हललो नाही. हललो नाही म्हणजे, खरं सांगू? मला हलता येतच नव्हतं. पण येत असतं तरी मी हललो नसतो!

"उतरवा आता पोती," शालिग्राम म्हणाले. दोघांनी उन्हात एकेक पोतं खाली घेतलं. सहावं पोतं गेलं तसा मी मोकळा झालो, फळ्या वर आल्या, आणि खण एका बोटाने सर्रकन बाहेर आला. चाक बदललं. शालिग्राम माझ्या कडेला टेकले आणि म्हणाले, "भगवानराव, पाच मिनिटं पडतो. हसायचं तर हसा." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आतली गोधडी ओढली.

घडी उलगडली आणि पट्टी खाली पडली.

शालिग्रामांनी ती उचलली. उलटीपालटी केली. मग पेन्सिलीची अक्षरं मोठ्याने, एकेक करून वाचली: "बाबा, ही पट्टी मी इसरली नाही. हे तुमच्यापुरतं केलं हाय, पोत्यांसाठी नाही. तुम्ही झोपले तर खण उघडेल. माल टाकला तर उघडणार नाही. रोही पुन्हा येऊ नये म्हणून. संजू."

मित्रांनो, मला तेव्हा कळलं की मी लंगडा नव्हतो. एका माणसाचं वजन सोसायचं आणि पोत्याखाली अडून बसायचं, एवढ्यासाठीच तिने मला तसं घडवलं होतं. तीन वर्षं मी तिच्यावर उगाच चरफडत होतो.

शालिग्रामांचा बांध फुटला. "रोही नव्हती आली भगवानराव. आज नाही, अन् त्या दिवशीबी नाही. मी झोपलो होतो. पोरगी शेजारी होती अन् मी झोपलो होतो."

भगवानरावांनी टोपी काढली. हळूच म्हणाले, "मले माईत हाय. त्या टायमाले मी दुसऱ्या दिवशी पाहून आलो होतो ते तुरीचं वावर. चाकाचे निशान होते. खुराचा एक नव्हता."

माहीत होतं! ऐकलंत? तीन वर्षं या माणसाला माहीत होतं आणि तरी तो माझ्यावर पोती टाकत होता, तरी चारचौघांत जावई म्हणून हसत होता! आजही ते आठवलं की माझ्या फळ्या कडकडतात. शालिग्रामांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भगवानरावांना ती नजर पेलवली नाही. "तू झोप," ते म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला आपल्या पोत्यांवर, उन्हात जाऊन बसले. पाच मिनिटांचे दोन तास झाले. एकदाही हाक मारली नाही त्यांनी.

शालिग्रामांचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फार नव्हतं हो.

पोती रिकाम्या कॅरेटांवर रचून घरी पोचायला संध्याकाळ झाली. संजीवनी दारातच उभी होती. "काऊन उशीर झाला बाबा?"

"झोपलो होतो," शालिग्राम म्हणाले, आणि पट्टी तिच्या हातात दिली. तिने पट्टीवरून एकदा हात फिरवला आणि चेहरा झाकायला घरात निघून गेली. गोविंदा मिस्त्री परवा पुन्हा म्हणाले, "आना, ठोकून देतो." शालिग्राम म्हणाले, "नोको मिस्त्री. पोरीनं बराबर केलं हाय."

आता राग गेला का, विचाराल, तर नाही गेला. माझ्या अंगावरचे पोत्यांचे ओरखडे अजून तसेच आहेत. आणि मंडीत माझ्या डाव्या-उजव्या हाताला रोज वीस गाड्या उभ्या राहतात, त्यांत डोळे तांबारलेली वीस माणसं चहा पीत असतात, त्याचा राग येतो. त्यांच्या घरीही लेकरं वाट पाहत असतील. तुमच्या घरी कुणी गाडी चालवत असेल, आणि कधी रोही, कधी कुत्रं, कधी खड्डा आडवा आला असं सांगत असेल, तर हसून सोडून देऊ नका. आज झोपले होते का, एवढं विचारा. विचारायला लाजू नका, आणि झोपलेल्याला कुणी हसलं तर त्याला माझ्याकडे पाठवून द्या.

मंडीत हल्ली माल उतरला की शालिग्राम गाडी मागे घेतात, पुढे घेतात, पुन्हा मागे घेतात. मागचे लोक ओरडतात, "काऊन बे, कुठं चालला?" ते सूर्याकडे पाहतात, पाय उत्तरेकडे येतील अशी गाडी वळवून लावतात, आणि माझा खण एका बोटाने उघडून गोधडी काढतात.