सासूबाई आणि उघडे नळ

सासुरवास फक्त सुनांनाच असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी रुग्णालयाच्या नळवाल्याकडे एकदा आंघोळीला यावं. गुडघ्यानं दगा दिला म्हणून त्याच्या सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, तेव्हापासून त्याचा शॉवर अंगाला साबण लागेपर्यंतच चालायचा. मग बाहेरून कॉक बंद व्हायचा आणि आवाज यायचा, "जावईबापू, पाणी काय फुकट येतं?"

आता त्याची सगळी भिस्त ऑपरेशनवर होती. गुडघा नीट झाला की सासूबाई आपल्या घरी. त्यांना त्याच्याच रुग्णालयात दाखल केलं आणि तिथंच माशी शिंकली. तपासणीत नळाच्या पाण्यात जंतू सापडले. "पाणी शुद्ध झाल्याशिवाय एकही ऑपरेशन होणार नाही," मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं.

नळवाला कंबर कसून कामाला लागला. टाकीत क्लोरीनचा जादा डोस टाकला, पेशंटना प्यायला बाटल्या दिल्या, नळाला हात लावू नका म्हणून बजावलं आणि मजल्यावरचे नळ एकेक करून उघडत गेला. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी वाहू द्यायचं, मग नळ बंद करून ते पाइपात मुरू द्यायचं, अशी रीत. घाई केली तर पाइपाच्या टोकाला जंतू सुखाने नांदतात. शेवटचा नळ उघडून तो वास घ्यायला पहिल्याकडे आला, तर तो बंद. दुसराही बंद. पुन्हा उघडले, पुन्हा बंद. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, पण आता बसायला लागला.

तेवढ्यात टक टक ऐकू आलं. बाथरूमपर्यंत जायला जिथं दोन माणसं लागायची, तिथं सासूबाई वॉकर घेऊन एकट्यानं मजला पालथा घालत होत्या.

"कुणीतरी नळ उघडे टाकून गेलंय, जावईबापू. मी सगळे बंद करत आले. उगाच तुमच्यावर बालंट नको."

नळवाल्यानं कपाळाला हात लावला. "आई, नळ वाहिले नाहीत तर जंतू मरणार नाहीत. जंतू मेले नाहीत तर ऑपरेशन नाही. आणि ऑपरेशन नाही तर..."

"तर मी तुमच्याकडेच," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं. "मलाही माझं घर आहे हो. उघडा तुमचे नळ."

नळ उघडले आणि सासूबाईंचा जीव तीळतीळ तुटू लागला. डोळे मिटून पाहिलं, तर आवाज येई. कान झाकले, तर दिसे. "हे पाणी संडास धुवायला चालेल ना?" त्यांनी विचारलं. चालेल म्हणताच त्यांनी अख्खा वॉर्ड कामाला जुंपला. बादल्या, टब, जग, बेडपॅन, सगळं नळांखाली गेलं. एका आजोबांच्या खालचं बेडपॅन तेवढं नर्सनं वाचवलं. क्लोरीनचा वास आला, नळ बंद झाले. दुसऱ्या दिवशी पाइप धुवायला पुन्हा सोडले, तेव्हा बादल्या आधीच रांगेत होत्या.

पाणी शुद्ध निघालं. ऑपरेशन झालं, आणि यथावकाश सासूबाई आपल्या पायांनी आपल्या घरी गेल्या.

त्या सकाळी नळवाल्यानं शॉवर पूर्ण सोडला. साबण लावला. कुणी ओरडलं नाही. पाणी नुसतं वाहत राहिलं, आणि त्याचे कान दाराकडे. आंघोळीत काही राम राहिला नव्हता. सासूबाई घरी परत गेल्याचं त्याला चक्क वाईट वाटत होतं. शेवटी त्यानं स्वतःच शॉवर बंद केला आणि साबण माखलेलं डोकं दारातून बाहेर काढलं.

"अगं, बादली दे," तो बायकोला म्हणाला. "आणि आईंना विचार, दुसरा गुडघा कसा आहे."