बाबांचा गुडघा आणि माझी करकर

हो, मीच ती सायकल बोलतेय. दिसायच्या आधी ऐकू येते ना, तीच! करर्र... कट्. करर्र... कट्. उजवा पाय खाली गेला की एकदा, अगदी ठरल्यासारखं. तुम्ही विचाराल, कुठून येतो गं हा आवाज? अहो, ते मला कळलं असतं तर आणखी काय हवं होतं! माझं सगळं अंग पोकळ नळ्यांचं. एका टोकाला खुट्ट झालं की दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. त्यामुळे महिनाभर मीसुद्धा नुसती कान देऊन होते.

जन्म माझा कारखान्यातला, पण त्यातलं एवढंच आठवतं की रंग ओला असताना मला उलटं टांगलं होतं. खरी जगायला लागले ती बाबांकडे आल्यावर. मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. बाबा छापखान्यात पुस्तकं बांधतात. गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी मी त्यांना तिकडे नेते आणि संध्याकाळी घरी आणते. माणूस भारी नेटका. बांधलेलं पुस्तक कानाजवळ धरून उघडतात आणि पाठ जरा कुरकुरली तरी पुन्हा उसवतात. अशा माणसाला घेऊन मी गावभर करकरत होते, आता बोला!

मग त्यांनी मला तपासलं का नाही? तीच तर गंमत. त्याच महिन्यात त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला. पाय खाली गेला की कळ, आणि कळ आली की करर्र. बाबांनी मनाशी खूणगाठच बांधली की वाजतोय तो गुडघा! घरात अवाक्षर काढलं नाही. चढ आला की उतरायचे, मला ढकलत न्यायचे आणि गुडघ्याला म्हणायचे, "संपलं रे तुझं." मी मनात म्हणायचे, अहो, एकदा माझ्याकडेही बघा की!

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी राजीनामा लिहिला. माझ्या सीटवर कागद ठेवूनच लिहिला, म्हणून मला ठाऊक. दिवसभर उभं राहून काम करायचं आणि पायच साथ देत नाहीत, असं काहीतरी होतं त्यात. सोमवारी तो मालकांना द्यायचा होता. पुस्तकांशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय? मला फार वाईट वाटलं. कागदाची घडी खिशात गेली.

रविवारी सकाळी मुलीने त्यांना लंगडताना पकडलं.

"काय झालंय पायाला?"

"काही नाही गं. गुडघा जरा करकरतो."

"जरा? मलम आणते, थांबा," म्हणत ती मला घेऊन निघाली. पंधरा मिनिटांनी परत आली ती फाटकातूनच ओरडत.

"बाबा, तुमचा गुडघा माझ्याबरोबर औषधाच्या दुकानात येऊन गेला!"

"म्हणजे?"

"म्हणजे हे ऐका." तिने अंगणात फेरी मारली. करर्र... कट्. आणि तिचे गुडघे तर बावीस वर्षांचे!

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग काय, पाने निघाले, ग्रीसचा डबा निघाला, जुन्या चिंध्या निघाल्या. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि मग फेरी मारायची, असा बाबांचा हुकूम. पेडल काढून ग्रीस लावलं. करर्र. चेन धुतली. करर्र. पेडलांच्या मधला मोठा नट आवळला. तरी आपलं करर्रच! प्रत्येक फेरीला मलाही वाटायचं, हेच असेल का? आता कोण उरलं?

खिडकीत मुलीच्या आई शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं.

"उभी राहून चालव गं एकदा," त्या म्हणाल्या. "माझं मशीन कुरकुरलं की मी आधी बुडाखालची खुर्ची बघते. निम्म्या वेळा तीच असते."

मुलगी पेडलवर उभी राहिली. चिडीचूप! सीटवर टेकली. करर्र... कट्.

सीटची दांडी उपसली तर आत कोरडा ठणठणाट, वर रेतीचा थर. तो पुसता पुसता बाबांचा हात थांबला. नवी असताना सीटच्या उंचीसाठी त्यांनी दांडीवर खिळ्याने रेघ ओढली होती. आवळणी सैल पडून दांडी नळीत खाली सरकली होती आणि ती रेघ दोन बोटं आत गेली होती, रोज केसभर, कुणाच्या लक्षात न येता.

"अहो बाबा, इतक्या खाली बसून पाय दुमडत चालवलीत? गुडघा दुखणार नाही तर काय होणार!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आवाजही माझा आणि दुखणंही मीच दिलेलं!

दांडी पुसली, ग्रीस लावलं, रेघेवर घट्ट बसवली. बाबा चढाच्या टोकापर्यंत जाऊन आले. एकदाही उतरले नाहीत आणि मी एकदाही वाजले नाही. उतरल्यावर मात्र त्यांनी गुडघा चोळला, खिशातून कागद काढला आणि गुपचूप आईंच्या हातात दिला.

आईंनी तो दोनदा वाचला. डोळे भरून आले त्यांचे. "कुणाला विचारून लिहिलंत हे?"

"गुडघ्याला," बाबा म्हणाले.

आईंनी कागद परत दिलाच नाही. मलम तेवढं हातात ठेवलं.

तुमचंही काही वाजत असेल, तर सगळा दोष स्वतःवर घेण्याआधी दुसऱ्या कुणाला एक फेरी मारायला सांगा. एवढंच मागणं आहे माझं. आज सोमवार. बाबा कुलूप काढताहेत, छापखाना आठला उघडतो. निघते मी.