स्वतःच्या घराचा विषय

पंजाबात, चंदीगडलगत मुल्लानपूरजवळच्या एका गावात स्थानिक नियोजन समिती नेमली गेली. तिच्या सहा बिनपगारी सदस्यांना जमीन-वापराचे नियम शिकवायला विश्वनाथ देवस्थळींना बोलावलं. नगररचना खात्यातून निवृत्त होऊन ते चंदीगडच्या मनीमाजरा भागात राहत होते. नकाशावर पिवळं म्हणजे वस्ती, हिरवं म्हणजे शेती, इथपासून त्यांनी सुरुवात केली.

सदस्यांत मराठी एकच, वंदना शिर्के. त्यांचे पती सुभेदार शशिकांत यांनी निवृत्तीनंतर याच गावात घर बांधायला घेतलं आणि गिलाव्याआधीच ते गेले. गिलावा वंदनाबाईंनी करून घेतला. छावण्यांत वाढलेला, हिंदीतच बोलणारा मुलगा अनिकेत बंगळुरूहून फोन करून तिकडे राहायला बोलवायचा. घर उभं आहे तोवर मी इथंच, असं त्या सांगत.

देवस्थळींनी एक नियम घोटून घेतला होता. आपल्या जमिनीचा विषय आला की सदस्यानं बाहेर जायचं, त्यावर अवाक्षर काढायचं नाही. शेती करणारे सदस्य गुरतेजसिंग तेव्हा हसले होते. मग गावाचा कारभार बिनजमिनीच्या चपराशानंच बघायचा का, असं त्यांनी विचारलं होतं.

थंडीत नव्या रस्त्याची आखणी आली. ती वंदनाबाईंच्या घरावरून जात होती. पडीक जमिनीतून दुसरी वाटही होती. हरकतींची मुदत संपल्यावर बैठक बसली; देवस्थळी निरीक्षक म्हणून हजर होते. विषय पुकारताच वंदनाबाई उठल्या. त्याच रस्त्यानं गुरतेजसिंगांच्या शेताला रस्त्याकडचं तोंड मिळून भाव चढणार होता. ते हलले नाहीत.

"बहनजी, बैठ जाओ," ते म्हणाले. "ये कोई फौज थोड़ी है।"

त्या गेल्या. देवस्थळींनी गुरतेजसिंगांच्या शेताचा मुद्दा काढला, पण निरीक्षकांनी बोलू नये, असं अध्यक्षांनी नम्रपणे सुनावलं. मग वंदनाबाईंच्या घराची हरकत आली आहे का, हे अध्यक्षांनीच विचारलं. आली नव्हती. तीन विरुद्ध दोन मतांनी रस्ता मंजूर झाला.

देवस्थळी व्हरांड्यात आले. वंदनाबाई शाल घट्ट लपेटून बाकावर बसल्या होत्या. त्यांनी निकाल सांगितला आणि विचारलं, "ताई, हरकत का दिली नाहीत?"

"अवाक्षर काढायचं नाही, म्हणाला होतात ना सर."

"ते सदस्य म्हणून. घरमालकीण म्हणून लेखी हरकत देता येते. तो तुमचा हक्क होता."

"हे सांगितलं नव्हतंत."

"नाही," देवस्थळी म्हणाले. "सगळ्यांना माहीत असतं, असं धरून चाललो."

वरच्या कार्यालयात अर्ज करू, असं ते बोलू लागले. मंजूर आखणी बदललेली त्यांनी नोकरीत कधी पाहिली नव्हती. त्यांच्या आवाजातच ते कळत असावं. वंदनाबाईंनी अनिकेतला फोन लावला.

"तुझ्याकडं ती मागची खोली रिकामी आहे का रे?"

"हाँ मम्मी, आपके लिए ही तो रखी है। सच में आ रही हो?"

त्याचा आनंद देवस्थळींनाही ऐकू आला. वंदनाबाई हो म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही.